कायदा देशाचा, हात गावाचे



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही घेतलेला विषय वरवर पाहता फार दूरचा आहे. अमेरिकेतील शहरे आपल्याच केंद्र सरकारशी भांडतात. परदेशातून आलेल्या कोणत्या माणसाला देशाबाहेर घालवावे, आणि घालवावयाचे तर त्याला धरून कोणी द्यावे, यावरून तेथे खटले चालतात. महापौरांना संसदेच्या समितीपुढे बसवून तासन् तास उलटतपासणी होते. या साऱ्याशी उन्हाळ्याच्या संध्याकाळी येथे जमलेल्या आपणां मंडळींचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक तर ज्यांचा मुलगा किंवा लेक आज त्या देशात संसार करीत आहे, अशी घरे या श्रोतृवर्गात असतीलच. आणि दुसरे असे की, त्या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही गावाला कधीतरी पडणारा आहे. देशाने केलेला कायदा गावाच्या हातांनी राबवून घेता येतो काय? गावाने हात मागे घेतला, तर तो द्रोह समजावा की अधिकार? या प्रश्नाचे एक शब्दाचे उत्तर आम्ही देणार नाही. पण उत्तर कोठे शोधावे, हे सांगण्याचा प्रयत्न करू.

प्रथम तिकडची घडी समजून घेऊ. आपली नगरपालिका दिवे, पाणी, रस्ते आणि बाजार पाहते. चौकीवरचा फौजदार तिचा नोकर नसतो. तो राज्य सरकारचा असतो. अमेरिकेत शहराचे पोलीसदल शहराचेच असते. त्याचा पगार शहराच्या तिजोरीतून निघतो आणि त्याचा मुख्य महापौराला किंवा नगरसभेला जबाबदार असतो. शहराच्या वर काउंटी नावाचा घटक असतो. तो आपल्या जिल्ह्यासारखा म्हणा. तिचा शेरीफ बहुधा लोकांनी मते देऊन निवडलेला असतो. आपल्या मुंबईचे शेरीफपद हे केवळ मानाचे. तिकडच्या शेरीफच्या कमरेला मात्र खऱ्याखुऱ्या तुरुंगाच्या किल्ल्या असतात. श्रोतेहो, या किल्ल्या ध्यानात ठेवा. पुढचे बरेचसे भांडण त्यांच्याभोवतीच फिरते.

आता, परदेशी माणसाला देशात घ्यावयाचे की नाही, हा अधिकार मात्र शहराचा नाही, राज्याचाही नाही. १८७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांचे याविषयीचे कायदे रद्द केले आणि हे काम राष्ट्राचे आहे असे ठरविले. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा राष्ट्रानेच केला. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावरचे प्रसिद्ध ठाणे उघडले, तेही केंद्र सरकारचेच. आज हे काम करणारे खाते २००३ मध्ये स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'आइस' म्हणतात. परंतु परवान्यावाचून राहणाऱ्या माणसांची संख्या, प्यू या संशोधनसंस्थेच्या अंदाजाप्रमाणे, २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ४० लक्ष होती. आणि माणसांना शोधून परत पाठविणारे या खात्याचे अधिकारी कित्येक वर्षे केवळ काही हजार होते. उलट शहरे, काउंट्या आणि राज्ये यांचे पोलीस मिळून ७ लाखांहून अधिक. सारांश, कायदा देशाचा, पण हात गावाचे. केंद्र सरकारची नजर या हातांकडे वळावी यात नवल नाही.

येथे आपल्या राज्यघटनेशी एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. परदेशी नागरिक हा विषय आपण संघसूचीत घातला आणि पोलीस राज्यसूचीत. पण असे केल्याने कायदा एकीकडे आणि हात दुसरीकडे राहतील, हे आपल्या घटनाकारांनी ओळखले होते. म्हणून कलम २५८ मध्ये त्यांनी अशी तरतूद केली की, संसदेला आपल्या कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्यांवरही कर्तव्ये लादता येतील; आणि त्यासाठी राज्याला जो जादा खर्च पडेल तो केंद्राने भरून द्यावा. अमेरिकेच्या घटनेत असे कलम नाही. १७९१ मध्ये आलेली दहावी दुरुस्ती एवढेच म्हणते की, जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे वा जनतेचे. बाकीचे न्यायालयांनी खटल्याखटल्याने ठरविले. ते कसे ठरले ही कथा मोठी बोधप्रद आहे.

पण कथेकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न पाळल्यामुळे या वादात फार गोंधळ होतो. वरच्या सरकारच्या कायद्यापुढे गावाला तीन प्रकारे वागता येते. ते मदत करील. ते मदत करणार नाही. किंवा ते आडवे येईल. पहिले आणि तिसरे कोणालाही कळते. खरा वाद आहे तो दुसऱ्याचा. दाराशी आलेल्या शिपायाला घर दाखवावयास न जाणे आणि त्याची वाट अडवून उभे राहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

हा भेद प्रथम निघाला तो गुलामगिरीच्या काळात. दक्षिणेतून पळून उत्तरेत आलेल्या गुलामाला मालकाच्या स्वाधीन करावे, असा कायदा केंद्राने १७९३ मध्ये केला होता. पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या मार्गारेट मॉर्गन नावाच्या स्त्रीला आणि तिच्या मुलांना काही माणसांनी उचलून मेरीलँडमध्ये नेले. त्यांच्यापैकी एडवर्ड प्रिग याच्यावर पेन्सिल्व्हेनियाने खटला भरला. १८४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रिगला सोडून दिले. राज्याचा कायदा राष्ट्राच्या कायद्याच्या आड येतो म्हणून तो रद्द केला. त्या अभागी स्त्रीच्या दृष्टीने निकाल क्रूरच होता. पण न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी त्याच निकालपत्रात असेही लिहून ठेवले की, हा कायदा राष्ट्राचा असल्याने राज्यांना आपले अधिकारी त्यासाठी राबविण्याची सक्ती करता येत नाही. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने आपल्या अधिकाऱ्यांना या कामी मदत करण्याची मनाई केली आणि आपले तुरुंगही या कामासाठी बंद केले. बघा, किल्ल्या तेव्हाही आल्याच.

तेव्हा केंद्राने १८५० मध्ये अधिक कडक कायदा केला आणि स्वतःचे आयुक्त नेमले. या आयुक्ताने पकडलेल्या माणसाला मालकाच्या हवाली केले तर त्याला १० डॉलर मिळत, सोडून दिले तर ५. न्यायाच्या तराजूत असे वजन घातल्यावर काटा कोणीकडे झुकणार, हे काय सांगावे! १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या गुलामाला बोस्टनमधून परत नेताना रस्त्याच्या दुतर्फा सैन्य उभे करावे लागले. राष्ट्राला कायदा राबविता आला, पण गावाच्या डोळ्यांदेखत आणि स्वतःच्या खर्चाने राबवावा लागला.

याच काळात तिसऱ्या वाटेचाही निकाल लागला. विस्कॉन्सिनमध्ये लोकांनी तुरुंग फोडून एका पळून आलेल्या गुलामाला सोडविले आणि राज्याच्या न्यायालयाने केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरविला. १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, राज्याला असे आडवे येता येणार नाही. हा धडा पुढे जवळजवळ १०० वर्षांनी भलत्याच दिशेने उपयोगी पडला. १९५७ मध्ये आर्कान्सामधील लिटल रॉक येथे ९ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत शिरू द्यावयाचे नाही म्हणून गव्हर्नर फॉबस यांनी राज्याचे सैन्य दाराशी उभे केले. तेव्हा अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी केंद्राची पलटण पाठवून त्या मुलांना वर्गात बसविले. म्हणून 'गावाचा हक्क' असे शब्द कानांवर पडताच टाळ्या पिटावयास नकोत. त्या शब्दांच्या आश्रयाने गुलाम सुटले आहेत आणि त्याच शब्दांच्या आश्रयाने लहान मुलांना शाळेच्या दारातून परतही लावले गेले आहे.

दुसऱ्या वाटेचा आधुनिक निकाल १९९७ चा. पिस्तूल विकत घेणाऱ्याची पूर्वपीठिका स्थानिक पोलिसांनी तपासावी, असा केंद्राचा कायदा होता. माँटानामधील एका काउंटीचे शेरीफ जे प्रिंट्झ म्हणाले, "हे काम माझे नव्हे." न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताचा निकाल दिला तो असा की, केंद्राला आपला कार्यक्रम राबविण्यासाठी राज्यांच्या अधिकाऱ्यांना वेठीला धरता येणार नाही. बंदुकांवर निर्बंध नकोत असे म्हणणाऱ्या पक्षाला या निकालाने आनंद झाला. २० वर्षांनी त्याच निकालाचा आधार घेऊन दुसऱ्या पक्षाची शहरे न्यायालयात उभी राहिली. तत्त्वाची परीक्षा होते ती अशी. आपल्या सोयीच्या दिवशी तत्त्व कोणालाही आवडते; प्रतिपक्षाच्या हाती गेल्यावरही जो ते मानतो तोच खरा तत्त्वनिष्ठ.

आता शहरे या वादात कशी ओढली गेली ते पाहू. १९७७ मध्ये ओरेगॉन राज्यातील इंडिपेन्डन्स नावाच्या लहानशा गावात शेरीफची माणसे एका उपाहारगृहात शिरली आणि मेक्सिकन वंशाच्या गिऱ्हाइकांना कागद विचारू लागली. ज्याला ओढून उभे केले तो अमेरिकेचा नागरिकच निघाला. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या माणसाचे वकील रॉकी बॅरिला पुढे विधिमंडळात निवडून गेले आणि १९८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ओरेगॉनने कायदा केला की, केवळ परवान्याच्या चौकशीसाठी राज्यातील पोलिसांचा वेळ व पैसा खर्च करू नये. २०१८ मध्ये तो रद्द करावा काय, असे मतदारांना विचारले गेले. त्यांनी मोठ्या बहुमताने नको म्हणून सांगितले.

लॉस एंजेलिसची हकीकत याहून बोलकी आहे. तेथील पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स हे मवाळ गृहस्थ म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत. तरीही १९७९ मध्ये त्यांच्याच अमदानीत विशेष आदेश क्रमांक ४० निघाला: कोणाचा परवाना तपासावयाचा एवढ्याच हेतूने पोलिसांनी कारवाई सुरू करू नये. यामागे करुणा होती असे नव्हे. यामागे पोलिसाचा व्यवहार होता. चोरी पाहिलेला साक्षीदार आणि नवऱ्याने मारलेली बायको चौकीची पायरी चढेनाशी झाली, तर गुन्ह्याचा तपास करावयाचा कसा?

करुणेचा ओघ आला तो दुसऱ्या बाजूने. एल साल्व्हाडोर आणि ग्वाटेमाला येथील यादवीतून पळून आलेल्या लोकांना ॲरिझोनामधील टूसॉन येथील एका चर्चने १९८२ मध्ये उघडपणे आसरा दिला. त्यावरून 'सँक्चुअरी', म्हणजे अभयस्थान, हा शब्द रूढ झाला. सॅन फ्रान्सिस्कोने १९८५ मध्ये स्वतःला आश्रयाचे नगर म्हणविले आणि १९८९ मध्ये तसा नियमच केला. पण हा शब्द फसवा आहे. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यात शिरलेल्याला कोणी हात लावीत नाही अशी कथा सांगतात. तसे अभय कोणतेही अमेरिकन शहर देऊ शकत नाही. केंद्राचे अधिकारी त्या शहरात जाऊ शकतात, धरू शकतात, नेऊ शकतात. शहर एवढेच म्हणते की, ते काम आमच्या शिपायांनी आणि आमच्या किल्ल्यांनी होणार नाही.

किल्ल्यांचा प्रसंग येतो तो असा. समजा, दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल एका माणसाला शेरीफने कोठडीत टाकले. त्याच्या बोटांचे ठसे घेतले गेले. २००८ पासून सुरू झालेल्या योजनेमुळे हे ठसे आपोआप केंद्राकडेही जातात. केंद्राला वाटले की हा माणूस परवान्यावाचून राहत आहे, तर आइसकडून 'डिटेनर' नावाचा कागद येतो: याला सोडण्याची वेळ झाली तरी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही येऊन नेतो. हा कागद हुकूम आहे की विनंती? २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की ती विनंती आहे. त्याच वर्षी ओरेगॉनमधील क्लॅकमस काउंटीने केवळ अशा कागदावरून एका बाईला अडकवून ठेवले, म्हणून न्यायालयाने काउंटीलाच दोषी धरले. न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट नाही, नवा गुन्हा नाही, आणि तरी माणूस कोठडीत. मग नुकसानभरपाई कोणी द्यावयाची? केंद्र नव्हे, काउंटी. लष्कराच्या भाकऱ्या भाजावयाच्या, आणि हातही आपलेच पोळावयाचे! तेव्हापासून पुष्कळ काउंट्यांनी न्यायाधीशाचे वॉरंट आणा, मग देतो, असा पवित्रा घेतला.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की शहरांची बाजू निर्विवाद आहे. तसे नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे तितक्याच आस्थेने ऐकले पाहिजे. २०१५ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर वडिलांबरोबर फिरत असलेली एक तरुण स्त्री गोळी लागून मरण पावली. गोळी ज्याच्या हातून सुटली त्या माणसाला पूर्वी ५ वेळा देशाबाहेर घालविलेले होते. काही महिन्यांपूर्वी तो त्याच शहराच्या तुरुंगात होता. त्याला धरून ठेवा अशी केंद्राची विनंती आली होती. आणि शहराने त्याला सोडून दिले होते. पुढे ज्यूरीने त्याला खुनाच्या आरोपातून मुक्त केले, हे खरे. पण त्या बापाला काय सांगावे? केंद्राचे अधिकारी असेही म्हणतात की, तुरुंगाच्या आत शांतपणे ताबा मिळाला नाही तर आम्हांला त्याच माणसासाठी रस्त्यावर आणि घराच्या दाराशी यावे लागते; तेथे धोका अधिक, आणि त्याच्याबरोबर इतरही सापडतात. हा युक्तिवाद पोकळ नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये आपला कायदा केला तेव्हा गंभीर गुन्ह्यांची लांबलचक यादी करून, त्यांत शिक्षा झालेल्यांपुरते सहकार्य करण्याची मोकळीक ठेवली, ती म्हणूनच. रेषा कोठे ओढावी यावर मतभेद होतील. रेषाच नको म्हणणारा मात्र दोन्हीकडे अविचारी ठरेल.

दुसरी परीक्षा झाली ती पैशाची आणि अंथरुणाची. सीमेवरच्या टेक्सासचे गव्हर्नर ॲबट यांनी २०२२ मध्ये नव्याने आलेल्या लोकांना बसगाड्यांत बसवून वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागो येथे पाठविण्यास सुरुवात केली. माणसांचा असा उपयोग करणे आम्हांस निंद्य वाटते. पण त्यामागचा प्रश्न खोटा नव्हता: सीमेवरच्या छोट्या गावांनी जे वर्षानुवर्षे सोसले ते, अभयाच्या घोषणा करणाऱ्या मोठ्या शहरांनी सोसून पाहावे. न्यूयॉर्कमध्ये १९८१ च्या एका न्यायालयीन करारामुळे बेघराला आसरा देणे शहरावर बंधनकारक आहे. पुढच्या २-३ वर्षांत तेथे दोन लाखांहून अधिक माणसे आली. हॉटेले भाड्याने घ्यावी लागली, तंबू ठोकावे लागले. २०२३ मध्ये महापौर ॲडम्स यांनी जाहीरपणे सांगितले की, हा भार आमच्या शहराचा नाश करील. ठराव करणे सोपे, पंक्तीला वाढणे कठीण, हे त्या शहराला कळले. तरीही आलेल्यांची मुले शाळांत गेलीच. परवान्यावाचून राहणाऱ्याच्या मुलालाही शाळा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधीलच एका खटल्यात १९८२ साली ठरवून ठेवले आहे.

आणखी एक गाठ आहे. केंद्र राज्याला वेठीला धरू शकत नाही, हे झाले. पण राज्य आपल्याच शहराला? येथे उत्तर उलटे आहे. कायद्याच्या दृष्टीने शहर हे राज्याचे अपत्य. टेक्सासने २०१७ मध्ये कायदा करून शहरांना असहकार करण्याची बंदी केली. न ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला दंड, प्रसंगी पदच्युती. रिओ ग्रँदे नदीच्या काठावरचे एल सेनिझो हे चिमुकले गाव त्याविरुद्ध न्यायालयात गेले, मोठी शहरे त्याच्या मागोमाग गेली. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग ग्राह्य धरला. उलट, राज्याने स्वतः होऊन अधिक उत्साह दाखविला तरी चालत नाही; ॲरिझोनाने २०१० मध्ये असा कायदा केला, त्याची ४ पैकी ३ वादग्रस्त कलमे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली.

२०२५ साली हे सारे शिगेला पोचले. अध्यक्ष ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा सूत्रे हाती घेताच असहकारी शहरांचे अनुदान रोखण्याचे आदेश काढले. २०१७ प्रमाणे याही वेळी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांनी त्यांना मनाई केली. मार्चमध्ये बोस्टन, शिकागो, डेन्व्हर आणि न्यूयॉर्कच्या महापौरांची संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये धरपकड व निदर्शने सुरू झाली, तेव्हा गव्हर्नरचा विरोध असताना नॅशनल गार्डचे सुमारे ४००० जवान आणि ७०० मरीन सैनिक पाठविले गेले. गव्हर्नरच्या मागणीवाचून असे होण्याची ही १९६५ नंतरची पहिली वेळ. त्याच वेळी दुसरीकडे, आपल्या पोलिसांना आइसच्या हाताखाली काम करू देणारे करार, ज्यांची तरतूद १९९६ च्या कायद्यात आहे, वर्षारंभीच्या सुमारे १३५ वरून वर्ष संपण्यापूर्वी हजाराच्या वर गेले. म्हणजे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एका गावचा शिपाई परवाना विचारतो आणि शेजारच्या गावचा विचारीत नाही. मधल्या रस्त्यावरून रोज कामाला जाणाऱ्या मजुराने काय करावे?

श्रोतेहो, आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. एवढे खटले, एवढे ठराव, एवढ्या बसगाड्या आणि पलटणी. पण ज्या एका सभागृहात या प्रश्नाचा निकाल व्हावयाचा, तेथे काय झाले? शेवटचा व्यापक तोडगा निघाला तो १९८६ मध्ये, अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत. सुमारे २७ लाख लोकांना रीतसर परवाने मिळाले, आणि परवान्यावाचून माणसे कामाला लावणाऱ्या मालकांना दंड ठरला. त्यानंतर २००७ मध्ये विधेयक आले, पडले. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी विधेयक संमत केले. खालच्या सभागृहाने ते विचारार्थही घेतले नाही. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून आखलेले सीमाविषयक विधेयक सिनेटमध्येच बारगळले. जवळजवळ ४० वर्षे घोंगडे भिजत पडले आहे. शेताला मजूर हवेत, बांधकामाला गवंडी हवेत, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाया हव्यात. पण त्यांना आत येण्याची सरळ वाट कोणती, आणि वर्षानुवर्षे राहिलेल्यांचे काय, हे सांगणारा कायदा करण्याचे धैर्य नाही. मग जो निर्णय वरच्या पायरीवर व्हावयाचा तो घरंगळत खालच्या पायरीवर येतो. चौकातला शिपाई, तुरुंगाचा कारकून, शाळेची मास्तरीण, इस्पितळाची परिचारिका यांच्यावर तो येऊन पडतो. राष्ट्राने टाळलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी, पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहून द्यावयाचे. शहरे आणि केंद्र यांचे भांडण हे मूळ दुखणे नव्हे. संसदेच्या कर्तव्यच्युतीची ती सूज आहे.

या दुखण्याची झळ आपल्यालाही लागली आहे. २०२५ च्या ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यातून १०४ भारतीय परत आले, हातापायांत बेड्या घातलेले. बहुतेक पंजाब, हरयाणा आणि गुजरातचे होते. पण ३ जण आपल्या महाराष्ट्राचेही होते. दलालाला लाखो रुपये देऊन, जंगले तुडवून गेलेल्यांची ही गत. आणि जे रीतसर परवान्याने गेले, कर भरतात, घरे बांधून राहतात, त्या आपल्या मुलांना कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळण्यासाठी दशकानुदशके वाट पाहावी लागते, कारण कोणत्याही एका देशाच्या वाट्याला शेकडा ७ हून अधिक जागा नाहीत. या दोघांना एकाच तराजूत घालू नये, हे मान्य. पण दोघांच्याही पायांत अडकलेला दोर एकाच गाठीचा आहे.

आपली माणसे तेथे पाहुणी म्हणून किती नाजूक जागी बसली आहेत, हेही विसरू नये. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वास अपात्र ठरविला आणि ज्यांना नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्यास सरकारने सुरुवात केली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्यांचे स्वतःचे नागरिकत्वही धोक्यात आले; ते लढले आणि त्यांनी ते राखले. भारतीयांना नागरिकत्वाचे दार पुन्हा उघडले ते १९४६ मध्ये, तेही वर्षाला अवघ्या १०० जणांना प्रवेश देऊन. ज्यांच्या आजोबांना एकदा दाराबाहेर उभे केले होते, त्यांनी दुसऱ्या कोणाला दाराबाहेर उभे केलेले पाहून खुशाल हसावे, हे आम्हांस बरे वाटत नाही.

शेवटी प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. गावाने हात मागे घेतला तर तो द्रोह की अधिकार? अमेरिकेच्या घटनेप्रमाणे तो अधिकार आहे, जोवर गाव आडवे येत नाही तोवर. पण अधिकार आहे म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. हात मागे घेणाऱ्या गावाने दोन गोष्टी दाखविल्या पाहिजेत. एक, खरोखर घातकी माणूस आपल्या किल्ल्यांतून निसटणार नाही; आणि दोन, आसरा देण्याची घोषणा केली तर अंथरूण घालण्याची तयारीही आहे. तसेच हात मागणाऱ्या केंद्रानेही दोन गोष्टी आणल्या पाहिजेत: न्यायाधीशाची सही, आणि खर्चाचे पैसे. आपल्या घटनाकारांनी कलम २५८ मध्ये निदान पैशाचा विचार करून ठेवला होता, याचा आम्हांस अभिमान वाटतो; सहीचा विचार आपणही अजून पुष्कळ करावयाचा आहे.

गाव म्हणजे अखेर काय? जेथे रात्री घराला आग लागली तर कोणीही, कोणत्याही कागदाचा विचार न करता, बंबाला बोलावू शकतो, ते गाव. ज्या दिवशी एखादी बाई आग लागली असताना बंबाला बोलावू की नको असा विचार करीत उंबऱ्याशी थांबेल, त्या दिवशी आग तिच्या घरापुरती राहणार नाही. शेजारच्या घराचे कागद कितीही पक्के असले, तरी ज्वाळा ते वाचावयास थांबत नाहीत. देशाच्या सीमा राखणे हे देशाचे काम. ते देशाने उघड कायदा करून, स्वतःच्या हातांनी आणि न्यायाच्या मर्यादेत करावे. गावाचे काम ते उंबऱ्याशी थांबलेले पाऊल पुढे पडेल असे पाहणे. एकाचे काम दुसऱ्यावर ढकलले की दोन्ही बिघडतात, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.